फाटलेलं पान

सॅन होजे, 14 जून

प्रिय सुध्या,

दोन महिने ना पत्र ना फोन, आणि आता लिहितोय तेही काम पडलं म्हणून. राग येईल, येऊ दे, पण शेवटपर्यंत वाच. आमच्या तायकोचं, म्हणजे वाइनच्या पिंपापासून केलेल्या जपानी ढोलाचं, पान (वरचं कातडं) फाटलं. हे इथे कुणाला सांगितलं तर "अरेरे" म्हणतात आणि विषय संपतो. बाकी तब्येत बरी, पाठ अधूनमधून धरते.

नेमकं कुठे फाटलं ते ऐक. काठी पडते तिथे नाही. खिळ्यांच्या वरच्या ओळीला लागून बोटभर चीर आहे, एका भोकातून शेजारच्या भोकात गेलेली. ढोल दुपारभर बंद गाडीत उन्हात राहिला. कातडं सुकून आकसलं, खिळे जागचे हलत नाहीत, मग सगळा ताण भोकांवर आला. तुझा ढोल असता तर तू दोरी सैल करून सावलीत ठेवला असतास. आमचा नागादो जातीचा, त्याला दोरीच नसते. एकदा खिळे ठोकले की सूर बांधला गेला. शिमे नावाचा छोटा ढोल तेवढा दोरीचा, तो वाजवण्याआधी ताणून घेतात, अगदी तुमच्यासारखा.

"दारूच्या पिंपाला देवापुढे वाजवता?" म्हणून तू केवढा भांडला होतास! अजूनही सांगतो, तुझं चुकलं. जपानात हा ढोल केयाकी नावाच्या झाडाचं अखंड खोड पोखरून करतात. तो इकडच्या पोरांना परवडायचा कसा? 1969 मध्ये लॉस एंजेलिसच्या सेन्शिन बौद्ध मंदिरात किन्नारा तायको हे पथक सुरू झालं, आणि त्यांनी कॅलिफोर्नियात मुबलक मिळणारी वाइनची ओकची पिंपं घेतली. किन्नारा म्हणजे आपला किन्नर रे, स्वर्गातला गाणारा. देवाच्या दारातच जन्मलंय हे पीप. इथलं सॅन होजे तायको 1973 चं, तेही त्याच वाटेने आलं.

पिंपाचं अंग शाबूत आहे, एवढं सुख. 225 लिटरचं पीप म्हणजे फळ्यांना धरून ठेवणारं काही नसतं, नुसत्या लोखंडी पट्ट्या. वाळल्यावर फळ्या आकसतात आणि पट्ट्या काढल्या की सगळं फुलासारखं उमलून पडतं. म्हणून आधी फळ्यांवर खडूने आकडे घालायचे, एकेक काढून कडा साफ करायच्या, गोंद लावून पुन्हा त्याच क्रमाने बांधायच्या आणि पूर्ण दिवस पट्ट्यांनी आवळून ठेवायच्या. त्यानंतरच पट्ट्या उतरवून घासकाम. तोंडाचा काठ गोल घासला नाही तर तोच कातडं कापतो. आमचा काठ मी बोट फिरवून पाहिला, गुळगुळीत आहे.

आता खरी चिंता पानाची. शनिवारी कातडं भिजत घालणार. गाईचं, केस काढलेलं, न कमावलेलं. तोंड 57 सेंटिमीटरचं आहे, तर कातडं 85 चं तरी हवं, कारण कडेला भोकं पाडून त्यांत काठ्या ओवायच्या आणि दोऱ्या ढोलाखालच्या फळीला बांधायच्या. पाठीच्या कण्याची रेघ बरोबर मधून गेली पाहिजे. पोटाकडचं कातडं जास्त ताणतं. ते एका अंगाला आलं तर ढोल कायम एका बाजूला बसका बोलतो. मग दोरीच्या दोन पदरांत दांडकं घालून पीळ द्यायचा, खालून गाडीचे जॅक हळूहळू वर चढवायचे. मधेच कुणीतरी अनवाणी पानावर चढून पायांनी तुडवायचं, म्हणजे कातडं सगळीकडून सारखं बसतं. (तू असतास तर तुलाच चढवलं असतं, तुझ्या वजनाचा कधी तरी उपयोग.) असं एकदा ताणून वाळू द्यायचं, पुन्हा कडा ओलावून ताणायचं, मग खिळ्यांच्या दोन ओळी. जुन्या भोकांत खिळा धरत नाही. गोंद लावलेल्या काड्या ठोकून ती आधी बुजवायची.

आणि थांबायचं कधी? इथेच माझी झोप उडाली आहे. ओलं पान "भद्द" बोलतं, वाळताना सूर चढतो, आणि नव्या पानावर चार-सहा आठवडे वाजवलं की पुन्हा उतरतो. म्हणजे हवा त्यापेक्षा चढाच बांधायचा. पण किती चढा? लवकर थांबलो तर ऑगस्टपर्यंत ढोल मेला, आणि मग सगळे खिळे उपटून पहिल्यापासून. जॅकचा एक फेरा जास्त झाला तर कातडं काठाशीच जाईल, आणि दुसरं कातडं आमच्याकडे नाही. पुस्तकात याचं उत्तर नाही. तू पथकात नुसतं बोटाने पानाच्या कडेला टिचकी मारत फिरायचास आणि म्हणायचास, "इथे अजून एक ओढ." ते तुला कशावरून कळायचं? आवाजावरून, की बोटाला लागणाऱ्या उसळीवरून? तेव्हा विचारलं नाही, कारण आपण चामडी पान की फायबर यावरून बोलायचे बंद होतो.

घाई ओबोनची आहे, जुलैत. जपान्यांचा पितृपक्षच, पण नाचून साजरा करतात. बौद्ध मंदिरासमोर फिफ्थ स्ट्रीटवर रांगा धरतात, आजीबाई किमोनोत आणि नातवंडं अ‍ॅनिमेच्या टी-शर्टात. खाणकामगारांच्या गाण्यावर सगळ्यांचे हात एकदम फिरतात: दोनदा खणायचं, दोनदा खांद्यावरून टाकायचं, कपाळाला हात लावून मागे पाहायचं, गाडी ढकलायची. वाजवताना आम्ही तोंडाने बोल म्हणतो. मधला ठोका "डोन", काठावरचा "का". पान सैल असलं की "डोन" पोटात जातो आणि मागच्या रांगेचे पाय चुकतात.

काकूंच्या गुडघ्याचं काय झालं? वर्षाला दहावीला किती पडले, कुठे प्रवेश घेतेय? तुझी बदली झाली का ते लिही.

आणि शनिवारच्या आत उत्तर दे. जमलं तर तुझ्या ढोलाला कडेने आठ ठिकाणी टिचकी मार आणि आवाज पाठव, आधी सैल, मग ताणलेला. मी तो कानाला लावून जॅक फिरवीन.

तुझा,
अव्या