मोंतोनेच्या मावशींना

मावशी,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून आमच्याकडच्या रीतीने मावशीच म्हणते. मराठीत लिहितेय, कारण मनातलं सगळं मला याच भाषेत सांगता येतं. वाचणाऱ्यांपैकी कोणी इटलीत उंब्रियातल्या मोंतोनेला गेलं, तर सान फ्रान्चेस्कोच्या संग्रहालयात बसणाऱ्या मावशींना एवढं वाचून दाखवा.

त्या दिवशी माझी बस चुकली होती. उंबेर्तिदेहून तो डोंगर चढून पोचले, तर तुम्ही जेवणासाठी दार लावत होतात. माझं इटालियन चार शब्दांचं. मोबाईलवरचा आमच्याकडच्या सैनिकाचा फोटो पुढे केला आणि म्हटलं, "यशवंत घाडगे." तुम्ही फोटो पाहिला, मला पाहिलं, आणि दार पुन्हा उघडलंत. जेवणाचं नावही काढलं नाहीत.

मला घाई होती, पण तुम्ही आधी आत नेलंत. येशूला क्रुसावरून उतरवतानाची तेराव्या शतकातली ती लाकडी शिल्पं. त्यांच्यापुढे तुमचा आवाज आपोआप हळू झाला. मग चित्रकार कापोरालीने 1482 मध्ये रंगवलेलं निशाण. मग बाहेर येऊन तुमच्या सरदार ब्राच्चो फोर्तेब्राच्चोच्या गढीचे उरलेले दगड. त्याच्या मुलाला, कार्लोला, व्हेनिसने 1473 मध्ये येशूच्या काटेरी मुकुटातला एक काटा दिला आणि गाव अजून त्याचा उत्सव करतं, हे तुम्ही हातवारे करून समजावलंत. आणि त्याच ओघात, मध्ये न थांबता, "आता तुमचा यशवंत" म्हणून पुढे निघालात.

मावशी, आभार मुख्यतः याचे आहेत. सरदार, काटा, निशाण आणि आमचा नाईक, सगळे तुम्ही एकाच आपुलकीने दाखवलेत.

मी माणगावची. शाळेत असताना यशवंत घाडगेंच्या पुतळ्यावरून कितीदा गेले असेन. जवळच्या पळसगावचा, मराठा लाइट इन्फन्ट्रीचा बावीस वर्षांचा मुलगा. दुसऱ्या महायुद्धात, 10 जुलै 1944 ला, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे पडले, मेले किंवा जखमी झाले. हे एकटेच धावून गेले. बॉम्ब टाकून मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली, आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून टॉमीगन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना झोडपलं. जिंकलेल्या त्याच मोर्चावर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते गेले. व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला तो त्यांच्यामागे. त्यांची समाधी कुठेच नाही, इटलीतल्याच कासिनोच्या युद्धस्मारकावर फक्त नाव आहे. म्हणून ते कुठे पडले असतील हा प्रश्न माझ्या मनातून कधी गेलाच नाही.

जुलै 2023 मध्ये तुमच्या गावाने त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळ उभारलं, ते तुम्ही दाखवलंत. आकाश भरलेलं होतं, घड्याळात वेळ दिसेना. मी निघायला लागले, तर तुम्ही माझा हात धरून थांबवलंत. दहा मिनिटं आपण दोघी काही न बोलता उभ्या राहिलो. मग ऊन आलं, सावली उमटली, आणि तुम्ही लॅटिनमधलं वाक्य बोट फिरवत वाचलंत: आपण सगळे एकाच सूर्याखाली. नंतर समोरच्या डोंगररांगांकडे हात करून म्हणालात, तिकडे, त्या उंचावर. त्या हिरव्या उताराकडे पाहताना मला रडू आवरलं नाही आणि तुम्हीही ते थांबवलं नाहीत. नुसता पाठीवर हात ठेवलात.

त्या युद्धात इटलीत आमच्याकडचे, भारताचे, 5,782 सैनिक मृत्युमुखी पडले. त्यांच्या घरच्यांपैकी फार थोड्यांना असं कोणी बोट धरून दाखवलं असेल.

एक मागणं आहे. येत्या 10 जुलैला तिथे माझ्या वतीने एक फूल ठेवा. त्याच दिवशी मी माणगावात पुतळ्याला हार घालीन आणि हार आणखी एकीच्या वतीनेही आहे, असं सांगेन.

तुमची,
माणगावची पाहुणी