कुत्र्यांच्या खेळाला शहरात एक कुंपणाचं मैदान द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सकाळच्या वेळी मैदानांवर कुत्री आणायला बंदी घाला, असं एका वाचकाचं पत्र गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आलं. पट्टा न लावता कुत्रं सोडणाऱ्यांवरचा त्यांचा राग रास्तच आहे. पण ‘कुत्र्यांना माणसांच्या अंगावर जायला शिकवणारे काही लोक’ असं जे त्यांनी लिहिलंय, ते आमच्याबद्दल आहे. म्हणून हे पत्र.

आमच्या खेळाचं नाव आयजीपी. जुनी मंडळी अजून शुट्झहुंडच म्हणतात. जर्मनीत १८९९ मध्ये जर्मन शेफर्डची संघटना निघाली. कुत्रं नुसतं देखणं नको, कामाचंही हवं, या आग्रहातून पुढे ही परीक्षा आकाराला आली. आता ती अनेक देशांत स्पर्धा म्हणून खेळतात. माग काढणं, आज्ञापालन आणि संरक्षण असे तीन भाग, प्रत्येकाला १०० गुण. पण त्याच्या आधी बीएच ही चाचणी पास व्हावी लागते आणि १५ महिन्यांच्या आतल्या कुत्र्याला ती देताच येत नाही. सायकलवाला शेजारून गेला, कुणी पळत गेलं, समोरून दुसरं कुत्रं आलं, तरी हे शांत राहतं का, ते त्यात बघतात. जे कुत्रं तिथं बिथरतं, त्याला पुढचं दार बंद.

संरक्षणाच्या भागाची लोकांना भीती वाटते. तिथं कुत्रं धरतं ती हेल्परच्या, म्हणजे खोटा हल्लेखोर होऊन समोर उभं राहणाऱ्याच्या, हातातली जाड बाही. ‘सोड’ म्हटलं की सोडायचं. जादा दोन हुकूम देऊनही सोडलं नाही, तर कुत्रं स्पर्धेतून बाद, आधी कितीही गुण मिळालेले असोत. आमचा हेल्पर तालमीतला पोरगा आहे. वस्ताद जसा नव्या पोराला जोर लावू देतो आणि नेमक्या वेळी हार खाऊन त्याचा हुरूप वाढवतो, तसा हा तरण्या कुत्र्यापुढं बाही सोडून देतो. कुत्रं ती तोंडात धरून ऐटीत फिरतं. त्यात राग नसतो, हे कुणीही शेजारी उभं राहून बघावं.

मी बावड्यात घरी शिवणकाम करते. दिवसभर मशीन आणि मी, गिऱ्हाईक आलं तर चार शब्द. आमच्या तारा कुत्रीला घेऊन या मंडळींत गेले आणि आठवडाभर वाट बघावी असा रविवार मला मिळाला. बाहीवरचं तागाचं आवरण दातांनी फाटतं, ते जाड दोऱ्यानं दुहेरी शिवून द्यायचं काम आता माझ्याकडंच आहे. रिक्षावाले, फरशी बसवणारे, औषध कंपनीत फिरतीवर असणारे, कॉलेजची पोरं, असे आम्ही सगळे. हा खेळ एकट्यानं होतच नाही. बाही घालायला एक जण, दुरून चुका सांगायला दुसरा, आणि कुत्रं शांत आहे का हे बघायला गर्दी करून उभे राहणारे चार जण लागतातच.

मागाचा सराव वडणग्याकडच्या नांगरलेल्या रानात, मालकाला विचारूनच करतो. पहाटे दव असताना पावलाला पाऊल लावत आपण चालायचं, तोच कुत्र्यानं वासावर काढायचा माग. शिकाऊ कुत्र्यासाठी प्रत्येक ठशात उकडलेल्या कलेजीचा बारीक तुकडा ठेवायचा. पहिल्या पातळीला ३०० पावलांचा माग, दोन वळणं, वाटेत ठेवलेल्या दोन वस्तू. माग टाकून झाला की २० मिनिटं थांबायचं आणि मग कुत्रं सोडायचं. आमची खरी ओळखपाळख त्या वीस मिनिटांत, बांधावर बसून झाली. कुणाच्या पोरीचं लग्न ठरलं, कुणाच्या आईचं ऑपरेशन झालं, सगळं तिथंच कळतं. मग तारा नाक जमिनीला लावून निघते, दहा मीटर दोरीच्या टोकाला मी, आणि मागून रिक्षावाले भाऊ ओरडतात, ‘वैनी, दोरी ढिली सोडा, तिला माहीत हाय!’ वळणावर ती थांबते, एकदा मान डावीकडं, एकदा उजवीकडं, आणि श्वासाचा फुसफुस आवाज पुन्हा सुरू होतो. रानाच्या मालकांनीही आता आपलं कारवान जातीचं शिकारी कुत्रं आज्ञापालनाला आणायला सुरुवात केलीय. नजरेवर पळणारं ते कुत्रं बोलावल्यावर माघारी येतं, याचं त्यांना भारी कौतुक.

आज्ञापालन आणि संरक्षणाला मात्र सपाट, बंदिस्त जागा लागते. एका मैदानावरून आम्हाला उठवलं, दुसऱ्यावर क्रिकेटची पोरं असतात आणि त्यांचाही हक्क आहेच. महापालिकेनं कुंपण असलेली एखादी पडीक जागा आठवड्यातून दोन दिवस, सकाळी सहा ते आठ ठरवून द्यावी. रेबीजच्या लसीचा दाखला नसलेलं कुत्रं आम्ही आत घेणार नाही, पट्ट्याशिवाय फाटकातून आणणार नाही, घाण स्वतः उचलू. भाडं ठरवलं तर तेही वर्गणी काढून भरू. पत्र लिहिणाऱ्या त्या वाचकांनी एका रविवारी सरावाला जरूर यावं. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे.

आपली,
एक वाचक, कसबा बावडा, कोल्हापूर