नळीचं दुसरं टोक

मॅडम,

परवा वॉर्ड ऑफिसात आलो तर तुमच्या टेबलावर दुसरंच कोणी बसलेलं. बदली झाली म्हणाले. कुठे, ते सांगायला कोणाला सवड नव्हती. म्हणून हे पत्र असं जाहीर लिहितोय, कधीतरी तुमच्यापर्यंत पोचेल. तुमचं नाव मात्र घालत नाही. सरकारी नोकरीत चांगल्या कामाचा बोभाटा झाला तरी त्रास होतो, एवढं मला कळतं.

आमची गल्ली तुम्हाला आठवत असेलच. पर्वतीच्या पायथ्याकडची, जेमतेम एक टेम्पो जाईल एवढी, शेवटी पिंपळ. डाव्या हाताला आमचं बैठं घर. 1978 साली वडिलांनी स्वतःच्या हातानं बांधलेलं. वडील गवंडी. 1961 च्या जुलैत पानशेत फुटलं, पेठा वाहून गेल्या आणि पुढं पूरग्रस्तांसाठी वसाहती उठायला लागल्या, तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. चुलत्याबरोबर गावाकडून आले आणि गोखलेनगरच्या कामावर बिगारी म्हणून लागले. तेव्हापासून थापी हातात. पाणी काय करतं हे पाहून पुण्यात आलेला माणूस आपल्या घराचं जोतं खाली ठेवील का हो? चांगलं 15 इंच वर घेतलं होतं. दोन पायऱ्या चढून आत यायचं.

रस्ता मात्र दर दोन-तीन वर्षांनी वर येत गेला. मार्च जवळ आला की निधी संपवायची घाई. जुनं डांबर खरवडायचं नाही, त्याच्यावरच नवा थर ओतायचा, रोलर फिरवायचा, फोटो काढायचा. आधी खालची पायरी गेली, मग वरची. शेवटी उंबऱ्याशी रस्ता आला आणि 2019 च्या सप्टेंबरात, आंबिल ओढ्यानं हाहाकार केला त्या रात्री, आमच्या घरात गुडघाभर पाणी होतं. ओढा आमच्यापासून लांब आहे. आमच्याकडे शिरलं ते नुसतं गल्लीतलं पाणी.

पुढची पाच वर्षं मी किती खेटे घातले ते उगाळत बसत नाही. पण एक गोष्ट विसरता येत नाही. तुमच्या आधीच्या एका साहेबांकडे मी वडिलांना घेऊन गेलो होतो. फाईलमधून मान वर न करता ते म्हणाले, "तुमचं जोतंच खाली आहे. बांधणाऱ्यानं चुकीचं बांधलंय, त्याला आम्ही काय करणार? घर उचलून घ्या." बांधणारा समोर उभा होता. धोतर, टोपी, हातात पिशवी. काही बोलले नाहीत. घरी येऊन जेवले नाहीत. त्या दिवसानंतर कोणाच्या बांधकामावर बोलणंच त्यांनी सोडलं. आधी रस्त्यानं जाताना प्रत्येक भिंतीला नावं ठेवायचे, आम्हाला चालणं मुश्कील व्हायचं!

पुण्यात 2006 पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी आपल्या भागातली कामं सुचवता येतात, एका कामाला 5 लाखांपर्यंत. मी तीन वर्षं ओळीनं अर्ज भरला: डांबर खरवडा, उतार द्या, पावसाळी गटाराचं तोंड मोकळं करा. एका वर्षी खरंच काहीतरी आलं. पिंपळाखाली दोन बाकडी, पाठीवर 'यांच्या विशेष प्रयत्नांतून'. पाऊस पडला की अजूनही त्या बाकड्यांवर चप्पल घालून उभं राहता येतं, अगदीच वाया गेली असं नाही. नंतर मार्च 2022 ला सभागृहाची मुदत संपली, प्रशासक आले, आणि भांडायला नगरसेवकही उरला नाही.

अशात गेल्या वर्षी फेब्रुवारीत तुम्ही आलात. एकट्या, स्कूटरवर. मी सवयीनं कागदांची थप्पी पुढे केली. तुम्ही ती बाजूला ठेवलीत आणि विचारलंत, "घर कोणी बांधलंय?" मला धस्स झालं. म्हटलं, आता परत तेच. वडील खाटेवरून म्हणाले, "मी."

"मग बाबा, लेव्हलची नळी असेल ना घरात?"

माळ्यावरून ती नळी मी काढली, पाणी भरून दोन जागांची उंची ताडून बघायची. पिवळी पडलेली, दहा-बारा वर्षांत कोणी हात न लावलेली. तुम्ही मोरीत जाऊन स्वतः पाणी भरलंत. मग एक टोक वडिलांच्या हातात दिलंत, दुसरं घेऊन पिंपळाकडे निघालात, आणि मध्येच थांबून नळीला टिचक्या मारायला लागलात. बुडबुडा अडकला होता. आत हवा राहिली की दोन्हीकडचं पाणी एका रेषेत येत नाही, लेव्हल खोटी निघते. पण हे गवंड्याच्या हाताखाली काम केलेल्याला माहीत असतं. वडिलांनी माझ्याकडे बघितलं. "हिला कळतं," म्हणाले.

अर्धा तास तुम्ही दोघं गल्लीत होतात. "बाबा, स्थिर?" "थांब जरा... हं, मार खूण." त्यांनी तुम्हाला कधी अगं-तुगं करायला सुरुवात केली हे मलाही कळलं नाही, आणि तुम्हालाही वावगं वाटलं नाही. भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा पडत गेल्या. शेवटी आमच्या दारात रस्ता उंबऱ्यापेक्षा दोन इंच तीन सूत वर निघाला. तुम्ही वहीत लिहिलंत आणि साधं म्हणालात, "बाबा, जोतं बरोबर आहे. रस्ता चुकलाय."

मॅडम, एवढंच. बाकी सगळं नंतर झालं नसतं तरी मी हे पत्र लिहिलं असतं.

पुढचं एस्टिमेट, मंजुऱ्या, वर्क ऑर्डर तुमचं तुम्हाला ठाऊक. मला एवढंच कळलं की पैसा डांबरीकरणापुरताच होता, आणि तुम्ही लांबी कमी करून त्यात खोदाई बसवलीत. "अर्धीच गल्ली होईल, पण नीट होईल." वरच्या अंगाचे शेजारी तुमच्यावर चिडले होते, मला ठाऊक आहे, त्यांचं पाणी कुठं जाणार हे समजावायला तुम्ही दोनदा आलात. डांबर पडलं त्या दिवशी वडील सूत ओढून उतार तपासत होते, मीटरला अडीच सेंटिमीटर, आणि ठेकेदाराचा मुकादम मला म्हणत होता, "यांना घरात न्या हो." तुम्ही त्याला म्हणालात, "राहू दे. ते बघताहेत म्हणून मला बघावं लागत नाही."

गेल्या वर्षी मान्सून 26 मे लाच पुण्यात आला. मध्यरात्री उठून आम्ही सगळे दारात उभे. पाणी उंबऱ्याकडे न बघता सरळ जाळीत गेलं. आणि सकाळी दिसली ती आमची वरची पायरी. खोदताना निघालेली, शहाबादी, एका कोपऱ्याला टवका उडालेली. त्या टवक्यावर पडून माझ्या हनुवटीला लहानपणी दोन टाके पडलेत.

जानेवारीतल्या निवडणुकीत एका उमेदवारानं गल्लीत पत्रक वाटलं: 'आमच्या पाठपुराव्याला यश, पाण्याची समस्या कायमची दूर.' वडिलांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं आणि त्याला विचारलं, "नळीत बुडबुडा राहिला तर काय होतं?" तो हसला, वाकून पाया पडला आणि पुढच्या घरी गेला. त्याचा राग नाही आला, खरं सांगतो. पण वाटलं, या शहरात मोठमोठ्या योजना आखणाऱ्यांची कमी नाही. समोरच्या म्हाताऱ्याला काहीतरी येत असेल, एवढं धरून चालणारं माणूस मात्र शोधावं लागतं. आमच्या पाट्यांवर जग हसतं. पण पुणेकराला खुर्चीतल्या माणसानं एकदा नीट विचारलं ना, की तो पाटी लावायचंही विसरतो.

वडील आता ऐंशीचे आहेत. शेजारच्यांच्या भिंतींना पुन्हा नावं ठेवायला लागलेत, आमच्या वाट्याला पुन्हा तीच पंचाईत. बदलीचं सांगितलं तेव्हा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तिकडं तिला नळी कोण देणार?"

ती आता माळ्यावर नाही, दाराशी खुंटीला आहे. जिथं असाल तिथून निरोप धाडा, मी घेऊन येतो. दुसरं टोक धरायला ते यायचं म्हणतात.

तुमचा,
पिंपळाच्या गल्लीतला, डाव्या हाताच्या घरातला