एआय सहायकासाठी दिलेल्या टूल्सच्या संदिग्ध वर्णनाबाबत तक्रार

दिनांक : १९ मे २०२५

प्रति,
माननीय व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : आपल्या बिलिंग प्रणालीतील टूल्सच्या अपुऱ्या वर्णनामुळे झालेल्या चुकीच्या नोंदी आणि वर्णनांत तातडीने दुरुस्ती करण्याची मागणी.

महोदय,

आमची पेढी इचलकरंजीत यंत्रमागाच्या सुट्या भागांची घाऊक विक्री करते आणि गेली ६ वर्षे आपली बिलिंग प्रणाली वापरते. या फेब्रुवारीत आपण प्रणालीला एआय सहायक जोडण्याची सोय दिली, तेव्हा तिचे वेगळे वार्षिक शुल्क भरून आम्ही ती घेतली, कारण रोजच्या मागण्यांची बिले करण्यात आमच्या लिपिक बाईंचा अर्धा दिवस जातो आणि हे काम सहायक निर्धोकपणे करील, असे आपल्या प्रतिनिधींनी आम्हाला सांगितले होते.

३ एप्रिल रोजी सहायकाला एका मागणीचे बिल करण्यास सांगितले. सहायक आपल्या प्रणालीतील कामे ‘टूल्स’ म्हणजे प्रत्येक कामासाठी दिलेल्या स्वतंत्र आज्ञांमार्फत करतो. बिल करणाऱ्या आपल्या टूलमध्ये तारखेच्या रकान्यापुढे केवळ ‘तारीख’ एवढेच लिहिलेले आहे. सहायकाने ०३/०४/२०२५ अशी तारीख पाठवली आणि आपल्या प्रणालीने महिना आधी धरून तिची ४ मार्च केली. हा फरक केवळ एका महिन्याचा नाही, कारण मध्ये ३१ मार्च येतो. बिल मागील आर्थिक वर्षात गेले आणि त्याला मागील वर्षाच्या मालिकेतील क्रमांक मिळाला. त्यातच प्रणालीने सहायकाला ‘विनंती पूर्ण झाली नाही’ एवढेच उत्तर दिले, प्रत्यक्षात मात्र बिल तयार झाले होते. सहायकाने ते उत्तर खरे मानून आणखी दोनदा प्रयत्न केला आणि एकाच मागणीची तीन बिले झाली.

मार्चचे जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या बिलांचे जीएसटी विवरणपत्र, भरण्याची मुदत ११ एप्रिलला संपत होती. ९ तारखेला आमच्या सनदी लेखापालांच्या लक्षात ही बिले आली आणि आम्ही सहायकाला ती रद्द करण्यास सांगितले. आपल्याकडे यासाठी दोन टूल्स आहेत. एक बिल रद्द झाल्याची खूण करून त्याचा क्रमांक राखते आणि दुसरे नोंदच पुसून टाकते, परंतु दोन्हींच्या वर्णनात ‘बिल काढण्यासाठी’ हेच शब्द आहेत. सहायकाने दुसरे निवडले. मधल्या काळात लिपिक बाईंनी ३१ मार्चचे राहून गेलेले एक बिल केले होते आणि त्याला पुढचा क्रमांक मिळाला होता, त्यामुळे मालिकेत तीन क्रमांकांची पोकळी पडली. विवरणपत्रात एकूण किती बिले दिली आणि त्यांपैकी किती रद्द झाली हे सांगावे लागते. जे क्रमांक नोंदीतच उरले नाहीत त्यांचा हिशेब जुळवण्यात लेखापालांचे दोन दिवस गेले आणि त्यांचे वाढीव शुल्क आम्ही भरले.

याच महिन्यात एका ग्राहकाला १८,५०० रुपयांऐवजी १८५ रुपयांचा पेमेंट दुवा गेला. बिलाच्या टूलमध्ये रक्कम रुपयांत घेतली जाते आणि दुव्याच्या टूलमध्ये पैशांत, हे कोठेही लिहिलेले नाही. ग्राहकाने १८५ रुपये भरले आणि बिल चुकते झाल्याचे समजून तो निश्चिंत राहिला.

आपल्या ग्राहक सेवेने यावर ‘एआय चुका करतो, प्रत्येक नोंद तपासून घ्या’ असे उत्तर दिले. ते आम्हाला मान्य नाही. लिपिक बाई हेच काम करतात तेव्हा पडद्यावर रकमेच्या चौकटीशेजारी रुपयाचे चिन्ह असते, तारखेसाठी दिनदर्शिका उघडते आणि नोंद पुसण्यापूर्वी लाल अक्षरांत इशारा येतो. सहायकाला यातले काहीही दिसत नाही. त्याच्यापुढे टूलचे नाव, वर्णन आणि रकान्यांचा आराखडा एवढाच मजकूर असतो आणि जे तेथे लिहिलेले नाही ते त्याला अंदाजाने भरावे लागते. पडद्यासाठी आपण घेतलेली काळजी वर्णनांत उतरलेली नाही, हीच आमची मुख्य तक्रार आहे.

आम्ही खात्रीही करून घेतली. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने द्यावी, दुव्याची रक्कम पैशांत द्यावी, नोंद पुसणारे टूल कधीही वापरू नये आणि अपयशाचे उत्तर आल्यास आधी बिल शोधून पाहावे, अशा चार ओळी आम्ही सहायकाच्या सूचनांमध्ये घातल्या. त्यानंतर आजतागायत यांपैकी एकही चूक पुन्हा झालेली नाही. ज्या चार ओळी आमच्यासारख्या दुकानदाराला लिहिता आल्या, त्या ही टूल्स घडवणाऱ्यांनी विक्रीपूर्वीच लिहायला हव्या होत्या.

आपली जोडणी मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलवर, म्हणजे एआय सहायकाला बाहेरील प्रणालींशी जोडण्याच्या सामाईक मानकावर, चालते, असे आपलेच माहितीपत्रक सांगते. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक या एआय कंपनीने खुल्या केलेल्या या मानकात प्रत्येक टूलचे आणि रकान्याचे वर्णन लिहिण्यास जागा आहे; मार्च २०२५ च्या आवृत्तीत तर टूल केवळ वाचते की कायमचा बदल करते, आणि तेच पुन्हा चालवल्यास परिणाम वाढतो का, हे सांगणाऱ्या खुणाही आहेत. आपण या जागा रिकाम्या ठेवल्या आहेत.

म्हणून आमची मागणी अशी की, रद्द करणे आणि पुसणे यांतील फरक त्या दोन्ही टूल्सच्या वर्णनांत स्पष्ट लिहावा आणि कोणते कधी वापरू नये हेही सांगावे. रकमेचे एकक रकान्याच्या नावातच यावे आणि तारीख आयएसओ ८६०१ पद्धतीनेच, म्हणजे वर्ष-महिना-दिवस या क्रमानेच, स्वीकारावी, अन्य स्वरूपाची तारीख निमूटपणे बदलून न घेता परत पाठवावी. अपयशाच्या उत्तरात काय चुकले, बिल तयार झाले की नाही आणि पुढे काय करावे हे असावे. एकाच मागणीचे दुसरे बिल प्रणालीनेच अडवावे, कारण वर्णन कितीही चांगले असले तरी जोडणी मध्येच तुटू शकते. वर्णनांत पुढे बदल केल्यास ते आम्हाला आधी कळवावेत.

लेखापालांना दिलेले वाढीव शुल्क आमच्या पुढील वार्षिक शुल्कातून वजा करावे. त्यांच्या देयकाची आणि सहायकाच्या ३ आणि ९ एप्रिलच्या नोंदींची प्रत सोबत जोडली आहे. दुरुस्ती कधीपर्यंत होईल याचे लेखी उत्तर १५ जूनपूर्वी मिळावे. तोपर्यंत बिल पुसणारे टूल आमच्या खात्यापुरते बंद ठेवावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
भागीदार,
यंत्रमाग सुटे भाग विक्री पेढी, इचलकरंजी