जिवंत परतलेल्या शिपायाचा कागद कुठे आहे?

मा. संरक्षणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,
स. न. वि. वि.

माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात ‘बसऱ्याला’, म्हणजे आजच्या इराकमध्ये होते, तिथल्याच कुत शहराच्या वेढ्यात सापडले आणि तुर्कांच्या कैदेतून जिवंत घरी आले, एवढं आमच्या घरात सांगतात. त्यांचं चांदीचं पदक एका दुष्काळात सोनाराकडे गेलं. अशा पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. म्हणजे पोटासाठी पुरावाच आटवला!

लष्कराच्या दप्तराकडे विचारणा केली, तर सेवा क्रमांक मागितला. तो असता तर विचारलं कशाला असतं? पुढे कळवलं, की त्या काळचे कागद उपलब्ध नाहीत.

२९ एप्रिल १९१६ला तिथल्या ब्रिटिश-हिंदी फौजेचे जनरल टाउनशेंड तुर्कांना शरण गेले, तेव्हा कुतमध्ये १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. १९२२च्या फेररचनेत त्यांचे नंबर बदलले. ११०वी तर पुढे पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली. १११ महार ही पलटण १९१७मध्ये उभी राहिली आणि १९२१मध्ये मोडली. तिच्या शिपायांच्या वारसांनी कोणाचं दार वाजवायचं?

विचित्र गोष्ट अशी, की जो तिकडे मेला त्याचा माग लागतो. राष्ट्रकुल युद्ध समाधी आयोगाच्या नोंदींत कित्येकांच्या नावापुढे बापाचं नाव, गाव, जिल्हाही सापडतो. जो जगला, त्याचा मात्र कागदोपत्री पत्ता नाही. गावागावांतल्या युद्धाच्या शिळांवरही इतके गेले, इतके कामी आले, असे नुसते आकडे.

पंजाबात १९१९मध्ये गाववार वह्या झाल्या होत्या. सुमारे ३,२०,००० शिपायांच्या नोंदी असलेल्या त्या वह्या लाहोरच्या संग्रहालयात पडून होत्या; २०२१मध्ये काही जिल्ह्यांच्या नोंदी ऑनलाइन आल्या. त्याच वर्षी आपल्या मंत्रालयाने युद्धांचे कागद खुले करण्याचं धोरण जाहीर केलं. चांगलंच झालं, पण त्याचा भर मोहिमांच्या इतिहासावर. साध्या शिपायाचं काय?

बेळगावच्या मराठा केंद्रात आणि इतर रेजिमेंटांकडे त्या काळच्या ज्या नोंदवह्या उरल्या असतील, त्या स्कॅन करून खुल्या कराव्यात. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातली पदकं मिळालेल्यांच्या नोंदींची कार्डं आणि समाधी आयोगाच्या नोंदी त्यांना जोडून मुंबई इलाख्याची गाववार यादी करावी. तोवर एकही जुनी वही रद्दीत जाऊ नये.

आणि शोधायला सेवा क्रमांकाची अट नको. गाव आणि बापाचं नाव पुरेसं धरा. आमच्याकडे तेवढंच आहे.

आपला,
सातारा जिल्ह्यातल्या एका शिपायाचा पणतू