धाराशिवच्या बायकांचं देणं: आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

धाराशिवचं नाव उस्मानाबाद होतं तेव्हाची गोष्ट. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी कोणती तपासणी चांगली, याच्या १९९९ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात तिथल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचे गावांनुसार चार गट पाडले. एका गटाची एकदाच एचपीव्ही चाचणी (हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची), दुसऱ्याची पॅप (पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं), तिसऱ्याची व्हीआयए (ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहणी). चौथ्याची तपासणीच नाही. आठ वर्षांनी हिशेब निघाला. एचपीव्ही गटातल्या ३४,१२६ बायकांपैकी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं ३४ गेल्या, न तपासलेल्या ३१,४८८ पैकी ६४. व्हीआयए आणि पॅपच्या गटांत मृत्यूंमध्ये म्हणावी तशी घट दिसली नाही. २००९ मध्ये हे जगासमोर आलं आणि आज जागतिक आरोग्य संघटना एचपीव्ही चाचणीलाच पहिली पसंती देते.

आपला राष्ट्रीय तपासणी कार्यक्रम मात्र २०१६ पासून व्हीआयएवर उभा आहे. ज्या बायकांच्या जिवावर हे ज्ञान मिळालं, त्यांच्या लेकीसुनांचं देणं राज्यावर आहे, एवढंच या पत्रात सांगायचं आहे.

व्हीआयए वाईट नाही. मुंबईच्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी, चार फेऱ्या केल्यावर मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पण ती फेऱ्या आणि सराव मागते. पाच मिली ग्लेशियल ॲसिटिक ॲसिडमध्ये पंच्याण्णव मिली डिस्टिल्ड वॉटर, त्याच दिवशी बनवलेलं. कापसाच्या बोळ्यानं पिशवीच्या तोंडाला लावायचं आणि पूर्ण एक मिनिट थांबायचं. बिघडलेल्या पेशींतली प्रथिनं आम्लानं गोठतात, म्हणून तो भाग पांढरा दिसतो. द्रावण शिळं असेल, टॉर्चचा सेल उतरला असेल किंवा गर्दीत वीस सेकंदांत पाहणी उरकली, तर डाग सुटतो. पाळी गेल्यावर तर बदल होणारा भागच आत सरकतो, मग डोळ्यांना दिसणार काय?

या कॅन्सरचं मूळ संसर्गात आहे. एचपीव्हीचे १६ आणि १८ हे दोन प्रकारच सुमारे ७० टक्के रुग्णांमागे असतात. बहुतेकींचं शरीर वर्ष-दोन वर्षांत विषाणू घालवतं. जिच्यात तो ठाण मांडतो, तिच्या पेशींमधली वाढ रोखणारी प्रथिनं तो निकामी करतो, आणि तिथून कॅन्सरपर्यंत बहुधा दहा ते वीस वर्षं जातात. एचआयव्ही असेल तर हा काळ आक्रसतो, बिडी-सिगारेटनंही धोका वाढतो. लसीनं आजच्या मुली वाचतील. तिशी-चाळिशीतल्या बाईसाठी मात्र ही मधली वर्षंच संधी आहे.

एचपीव्ही चाचणीचा नमुना बाई स्वतः घेऊ शकते. पाळी नसताना, पडद्याआड, मऊ ब्रश आत घालून कीटवर लिहिलेत तितके वेढे द्यायचे आणि तो नळीत ठेवायचा. टेबलावर झोपायची लाज गेली की निम्मा नकार संपतो. टीबीसाठी घेतलेल्या ट्रूनॅट यंत्रांवर चालणारी एचपीव्ही चिप देशातच बनते आणि तिची पडताळणी झालेली आहे. नळीवरचं नाव पेनानं लिहू नका, बारकोड लावा. घामेजल्या हातानं शाई फिसकटते आणि अहवाल भलतीच्या नावावर जातो.

खरी गळती होते ती अहवालानंतर. मराठवाड्यातली बाई दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर जाते ती उन्हाळ्याच्या तोंडावर परत येते. सप्टेंबरात नमुना घेऊन नोव्हेंबरात अहवाल दिला, तर तो घेणार कोण? म्हणून नमुने वैशाख-ज्येष्ठात घ्या आणि उपचार दसऱ्याआधी उरका. थर्मल ॲब्लेशनचं, म्हणजे बिघडलेला भाग उष्णतेनं जाळण्याचं, यंत्र हातात मावतं, बॅटरीवर चालतं. १०० अंशांवर २० ते ३० सेकंद, भूल लागत नाही, बाई तासाभरात घरी. डाग गर्भाशयमुखाच्या आतल्या नळीत शिरला असेल किंवा कॅन्सरचा संशय असेल तर मात्र जाळायचं नाही, जिल्हा रुग्णालयातच पाठवायचं. या ठिकाणी घाई केली तर आतला कॅन्सर झाकला जातो.

आशाताईला सांगायचं वाक्यही ठरवून द्या: “विषाणू सापडलाय, कॅन्सर नाही. तो कित्येक वर्षांपूर्वीचा असू शकतो.” नाहीतर अहवाल घरी गेला की नवरा संशय घेतो आणि बाई पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही.

बीडमध्ये २०१९ च्या पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांवर बायकांच्या पिशव्या काढलेल्या आढळल्या. “पांढरं जातंय, काढली नाही तर कॅन्सर होईल,” या भीतीवर हा धंदा चालला. एचपीव्ही नसल्याचा कागद हातात असता, तर कितीतरी जणींना त्या भीतीला उत्तर देता आलं असतं.

म्हणून आमची मागणी: धाराशिव आणि बीडमध्ये ३५ ते ४९ वयाच्या प्रत्येक बाईची एकदा एचपीव्ही चाचणी, एचआयव्हीसह जगणाऱ्या बायकांची २५ पासून, प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात एक ॲब्लेशन यंत्र आणि ते वापरायला शिकलेल्या दोन सिस्टर. किती नमुने घेतले हा आकडा आढाव्यात दुसरा ठेवा. पहिला आकडा असावा, पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी दसऱ्याआधी उपचार किती जणींना मिळाले.

आपले,
मराठवाड्यात कॅन्सर तपासणीचं काम करणारे डॉक्टर, परिचारिका आणि आरोग्य कार्यकर्ते