बाबा, मादी दिसायला हवी

पुणे, १० मे

ति. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मी घेऊन टाकली आहे, ९ जून. बाबा, रागावू नका, आधी पूर्ण वाचा.

परवा फोनवर तुम्ही दयाळ पक्ष्यांच्या जोडीबद्दल सहज म्हणालात, "नर तेवढा दिसतो, मादी यंदा फिरकतच नाही." मागून आई सांगत होती की ती घरट्याच्या पेटीतच बसून असते, खायला तेवढी बाहेर येते. माझ्या पोटात खड्डा पडला. दयाळाचा नर काळा-पांढरा, तो कुणालाही दिसेल. मादी करडी, फणसाच्या खोडात मिसळून जाणारी. मोतीबिंदूत असे मिळतेजुळते रंगच हरवतात. नुसत्या शेपटीच्या झटक्यावरून दयाळ ओळखायला तुम्ही मला शिकवलंत. तुम्हाला तो अर्धाच दिसावा, हे मला बघवत नाही.

"मोतीबिंदू थंडीत काढतात" हे आता जुनं झालं. हल्ली बारीकशा छेदातून भिंग बसवतात, बहुतेकदा संध्याकाळी घरी सोडतात. पिल्लं टाकून येणार नाही म्हणाल, म्हणून तारीख त्यांच्याच हिशेबाने घेतली. मादी गेल्या आठवड्यापासून बसली आहे. ती एकटीच उबवते, साधारण बारा-तेरा दिवस. पिल्लं निघाली की दोघंही भरवतात आणि दोनेक आठवड्यांत ती पेटी सोडतात. म्हणजे जूनच्या सुरुवातीला पेटी रिकामी. पुन्हा अंडी घातलीच, तरी पेटी तुम्ही स्वतः ठोकलेली आहे, चांगली पक्की आहे.

इथे खालचीच खोली तुमची, जिना नाही. आई, उकडा तांदूळ आणून ठेवलाय, पेज तुझ्याच हातची हवी. पहाटेच्या तुझ्या चहाने कुणाची झोप मोडत नाही, उलट मला बरं वाटतं.

पंपाच्या खोलीच्या भिंतीत दयाळाने घरटं केलं होतं तेव्हा बाबांनी पंप बंदच ठेवला आणि आपण रहाटाने पाणी काढलं. आई, तू कुरकुर केलीस, पण शीळ ऐकायला पहाटे मला उठवायचीस तूच. तुझ्या पदरात गुरफटून मी पायरीवर बसायचे. तशी झोप मला नंतर कधी लागली नाही.

आता नीट ऐका. बाबांनी स्टुलावर चढायचं नाही, पेटीचं झाकण उघडून बघायचं नाही. भारद्वाज अंड्या-पिल्लांवर टपून असतो, तो आला तर ओट्यावरूनच टाळ्या वाजवा, धावू नका. बोका चढू नये म्हणून खोडाला गुळगुळीत पत्रा गुंडाळायचाय. तो शेजारच्या मुलाकडून लावून घ्या, पण आवाज न करता आणि ती खायला गेली असताना. आई, पिल्लांसाठी भात ठेवू नकोस, ती अळ्या-किडे खातात. आळ्यातला पाचोळा झाडू नकोस, दयाळ त्यातच किडे शोधतो. उडायला लागलेलं पिल्लू खाली बसलेलं दिसलं तर उचलू नका, त्याचे आई-बाप जवळच असतात. बोक्याला तेवढं कोंडून ठेवा.

गाडी ७ जूनला पाठवते, कुंभार्ली घाटात पाऊस जोर धरायच्या आत. बाबांचे शुगरचे रिपोर्ट आणि बीपीच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, बॅगेत नको. आई, लोणच्याची बरणी आणू नकोस, सांडते. आणलीसच तर लहान आण.

तुमची,
मनू